कोकणातून विमानक्षेत्रात जायचे आहे? फी सगळ्यात शेवटी भरा

दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आणि मुली मुलांच्या पुढे, ही बातमी आता दरवर्षीची झाली आहे. पण निकालानंतर घरात बोलणे होते ते नर्सिंग, डी.फार्म, बी.कॉम. आणि फार तर इंजिनीअरिंगचे. विमानाचा विषय निघालाच, तर तो 'एअर होस्टेस' या एका शब्दावर सुरू होतो आणि तिथेच संपतो. दरम्यान ९ ऑक्टोबर २०२१ला चिपीचा विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३पासून बांद्याच्या पलीकडे गोव्यातला मोपा चालू आहे आणि डिसेंबर २०२५पासून पनवेलजवळ नवी मुंबईचा विमानतळही.

बायकांना हे जमते का, या प्रश्नात वेळ घालवू नका. सरला ठकराल यांनी १९३६ साली परवाना मिळवला. १९८५मध्ये सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी कोलकाता-सिलचर हे विमान नेले. त्या उड्डाणात सगळा क्रू बायकांचा होता. आज भारतातल्या वैमानिकांत बायका १५ टक्क्यांच्या आसपास आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. कमी आहेत त्या हँगरमध्ये, देखभालीच्या कामात.

मुलींचे नुकसान होते ते क्रम चुकल्यामुळे. आधी जाहिरात पाहून फी भरली जाते, मग मेडिकलमध्ये, म्हणजे शारीरिक तपासणीत, अडचण निघते किंवा बारावीला गणित नव्हते हे लक्षात येते. भरलेली फी परत मिळत नाही. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. पहिल्या दोन पायऱ्यांना काही हजारांच्या वर खर्च येत नाही.

पायरी १ : नाव आणि गुणपत्रिका

अकरावीला विज्ञान घेताना भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवा. डॉक्टरकीची तयारी म्हणून गणित सोडून जीवशास्त्र घेणाऱ्या मुली पुष्कळ असतात. गणित सोडले की वैमानिक, एटीसी (विमानांच्या वाहतुकीचे नियंत्रण) आणि विमान देखभाल अभियंता ही तिन्ही दारे एकदम बंद होतात. आधीच सुटले असेल, किंवा बारावी कला-वाणिज्यातून झाली असेल, तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, हे दोन विषय देता येतात. नियम शिथिल होणार अशा बातम्या अधूनमधून येतात. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, परिपत्रक निघेपर्यंत त्यांवर विसंबू नका.

आता नाव. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात जाते, आधारवर आणखी तिसराच क्रम असतो, आणि स्पेलिंगमध्ये कुठे एक 'ए' जास्त, कुठे कमी. डीजीसीएच्या संगणक क्रमांकापासून विमानतळाच्या प्रवेशपासापर्यंत प्रत्येक ठिकाणी ही नावे जुळवून पाहिली जातात. दहावीची गुणपत्रिका प्रमाण धरा आणि आधार, पॅन, पासपोर्ट तिच्याप्रमाणे करून घ्या. पासपोर्ट बारावीतच काढा. पोलीस पडताळणीला लागणारे दिवस तेव्हा अडचणीचे ठरत नाहीत.

डीजीसीएची परीक्षा द्यायला आधी संगणक क्रमांक लागतो. त्यासाठी गुणपत्रिका खरी असल्याची मंडळाची पडताळणी मागतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या मुलींसाठी ते काम कोकण विभागीय मंडळाच्या रत्नागिरी कार्यालयात होते, रायगडच्या मुलींसाठी वाशीच्या मुंबई विभागीय मंडळात. रोह्याची मुलगी रत्नागिरीला जाऊन हात हलवत परत येते, ती एवढ्याचसाठी.

पायरी २ : मेडिकल

वैमानिक व्हायचे असेल, तर मेडिकलचे दोन टप्पे आहेत. आधी क्लास २, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे. ते झाले की क्लास १, हवाई दलाच्या केंद्रांत किंवा त्यासाठी नेमलेल्या वैद्यकांकडे. यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. गावातल्या एमबीबीएस डॉक्टरचा 'फिट' दाखला इथे चालत नाही.

रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कानाची ऑडिओमेट्री, डोळे आणि रंगदृष्टी, पोटाची सोनोग्राफी. बायकांसाठी स्त्रीरोगाची तपासणीही असते. चष्मा असला म्हणून कोणी बाद होत नाही, नंबर मर्यादेत आणि चष्म्याने नजर पूर्ण हवी. रंग ओळखता न येणे ही मात्र मोठी अडचण आहे, ती कोणत्याही नेत्रतज्ज्ञाकडे दहा मिनिटांत कळते. म्हणून सगळ्यात आधी तेच पाहून घ्या. लेसर ऑपरेशन करायचा विचार असेल, तर आधी विमान-वैद्यकाला विचारा. ऑपरेशननंतर ठरावीक काळ थांबावे लागते आणि आधीच्या नंबरचे कागद मागतात.

मुलींच्या बाबतीत नेहमी अडणारी गोष्ट म्हणजे हिमोग्लोबिन. मेडिकलच्या तीन महिने आधी रक्त तपासा. कमी असेल तर गोळ्यांनी तेवढ्या काळात वाढते, आठवड्यात वाढत नाही. पीसीओएस किंवा गाठ सोनोग्राफीत दिसली तर घाबरून औषधे लपवू नका. बहुतेक वेळा तज्ज्ञाचा अहवाल मागतात आणि काम पुढे जाते. लपवलेले मात्र पुढच्या तपासणीत उघडे पडते, आणि क्लास १ दर वर्षी नवा करायचा असतो.

क्लास १ हातात येईपर्यंत कोणत्याही फ्लाइंग स्कूलला आगाऊ रक्कम देऊ नका. 'आज भरली तर सवलत' असे म्हणणाऱ्याला तर नाहीच.

पायरी ३ : वैमानिकाची वाट

कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएलसाठी वय किमान १८ लागते. स्टुडंट पायलट लायसन्स १६व्या वर्षीही मिळते. लेखी विषय पाच: एअर नेव्हिगेशन, मिटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचे टेक्निकल स्पेसिफिक. पर्यायी प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना, आरटीआर. तो पूर्वी दूरसंचार खात्याकडे होता. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ आल्यापासून ते काम डीजीसीएकडे आले आहे. जुन्या क्लासच्या पुस्तिकांत अजून जुनीच पद्धत छापलेली सापडते.

आमचे स्पष्ट मत असे, की लेखी परीक्षा उड्डाण सुरू करण्याआधी द्यावी. नेव्हिगेशन आणि मिटिऑरॉलॉजी हे विषय सुटले की पुढे विमानतळावर दिवस वाया जात नाहीत. शिवाय हा अभ्यास झेपतो का, हे ४० लाख खर्चण्याआधी कळते.

कोकणातल्या मुलीला मिटिऑरॉलॉजीत घरचे भांडवल असते. वारा जिकडून येतो त्या दिशेने त्याचे नाव पडते, हे होडीवाल्याच्या घरात वेगळे शिकवावे लागत नाही. मुंबई विमानतळाच्या मेटार या हवामान अहवालात पावसाळ्यात २४०१५ असे वाचलेत, तर वारा २४० अंशांवरून, म्हणजे नैर्ऋत्येपेक्षा जरा पश्चिमेकडून, १५ नॉटने आहे. मेटार रोज वाचा आणि आकाशाशी ताडून पाहा. परीक्षेत नुसते पाठ केलेले पटकन विसरते.

प्रत्यक्ष उड्डाण २०० तासांचे. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक, म्हणून. एका क्रॉस-कंट्री उड्डाणात किमान ३०० सागरी मैल अंतर आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरणे. १० तास इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे बाहेर न पाहता उपकरणांच्या आधारे, त्यातले जास्तीत जास्त ५ सिम्युलेटरवर. ५ तास रात्रीचे, १० टेक-ऑफ आणि १० लँडिंगसह. लॉगबुक त्याच दिवशी भरा आणि इन्स्ट्रक्टरची सही त्याच आठवड्यात घ्या. इन्स्ट्रक्टर नोकरी बदलतात, आणि सही राहिलेले तास सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर इथे शिक्षण मिळते. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८चा, त्याचे उड्डाण धुळ्याला होते. उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी प्रवेश परीक्षेने विद्यार्थी घेते. स्कूल निवडताना चकचकीत इमारत पाहू नका, हिशेब करा. उडण्याच्या स्थितीत विमाने किती, एक विमान महिन्याला किती तास उडते, विद्यार्थी किती? समजा १० विमाने, प्रत्येकी महिना ६० तास, म्हणजे ६०० तास. विद्यार्थी १०० असतील तर एकीच्या वाट्याला महिन्याला ६ तास. २०० तासांना ३३ महिने! जाहिरातीत मात्र १२ महिने लिहिलेले असते. त्यात पावसाळा धरा, इंजिन दुरुस्तीला गेलेली विमाने धरा. हे आकडे लेखी मागा, आणि सध्या शिकणाऱ्या दोन मुलींना भेटून पडताळा. वसतिगृह, रात्रीच्या उड्डाणानंतर खोलीवर पोचण्याची सोय आणि तक्रार समिती यांचीही तेव्हाच चौकशी होते. डीजीसीएने २०२५पासून स्कूलची क्रमवारी लावायला सुरुवात केली आहे, तीही बघा.

खर्च सीपीएलचा साधारण ४० ते ६० लाख. त्यावर एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७चे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची मान्यता, आणखी १५ लाखांच्या आसपास. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना कोटीच्या घरात जातात. फी हप्त्याने, उडालेल्या तासांच्या मागोमाग भरायची. सगळी रक्कम एकदम भरली की स्कूलला तुमच्यासाठी विमान काढण्याची घाई राहत नाही.

कर्जाचे कोकणातले दुखणे वेगळे आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की बँक तारण मागते. घरी आंब्याची बाग आहे, कलमे आहेत, पण सातबारावर आजोबांच्या भावंडांसकट बावीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत आणि चार मयत. असा सामाईक सातबारा बँक हातात धरत नाही. शेतजमीन तारण म्हणून घ्यायलाही बहुतेक बँका नाखूश असतात. बिगरशेती जागा, मुंबईतल्या काकांचा फ्लॅट किंवा मुदत ठेव यांवर काम होते. वारस नोंद आणि वाटणी करायची असेल तर मुलगी अकरावीत असतानाच तलाठ्याकडे जा, कारण त्याला वर्ष सहज लागते. आणि एक कटू गोष्ट: सीपीएल हातात आले म्हणजे नोकरी आली असे नाही. भरती लाटांनी येते, मधला काळ वर्ष-दोन वर्षांचाही असतो. कर्जाचा हप्ता त्या रिकाम्या काळात कोण भरणार, हे घरात आधी ठरवा. राहत्या घरावर कर्ज काढून पैज लावू नये.

एक पैसा न भरता उडायचे असेल तर

एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. २०२२पासून मुलींच्या तुकड्या खडकवासल्यात आहेत. यूपीएससीची परीक्षा वर्षातून दोनदा होते, मुलींना शुल्क नाही आणि प्रशिक्षणाचा खर्च सरकारचा. हवाई दल आणि नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र-गणित लागतेच. पदवीनंतरची वाट म्हणजे एएफकॅट, हवाई दलाची प्रवेश परीक्षा. उंची आणि पायाच्या लांबीच्या अटी इथे मुलकी विमानापेक्षा कडक आहेत, आधी मोजून घ्या. दहावीनंतर एनडीएची तयारी करून घेणारी मुलींची सरकारी संस्था नाशिकला आहे.

एटीसी : बीएस्सीवाल्या मुलींनी इथे थांबून वाचावे

रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, सावंतवाडी, जिथे म्हणून भौतिकशास्त्राची बीएस्सी आहे तिथल्या वर्गात मुलीच जास्त दिसतात. पुढे बी.एड. किंवा बँकेची परीक्षा, हे ठरून गेलेले. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ज्युनियर एक्झिक्युटिव्ह (एअर ट्रॅफिक कंट्रोल) ही भरती याच पदवीवर होते: भौतिकशास्त्र आणि गणितासह बीएस्सी, किंवा एखाद्या सत्रात हे विषय असलेली इंजिनीअरिंगची पदवी. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा २७, मुलींना अर्जाचे शुल्क माफ. वेतनश्रेणी ४०,०००-१,४०,०००, वर भत्ते. प्रशिक्षण प्राधिकरणाकडूनच, पगारासह. त्याचे जुने केंद्र प्रयागराजला आहे.

संगणकावरची परीक्षा झाली की आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, अमली पदार्थांची तपासणी आणि मेडिकल. मराठी माध्यमातल्या मुली घाबरतात ती आवाजाची चाचणी. तिथे कोणी ऑक्सफर्डचे इंग्रजी मागत नाही. आंतरराष्ट्रीय मापाने सहापैकी किमान चौथी पातळी लागते: उच्चार समजावा, अडखळले तरी सावरता यावे, अनपेक्षित प्रसंग साध्या शब्दांत सांगता यावा. तयारी म्हणून रोज पंधरा मिनिटे वर्तमानपत्रातला इंग्रजी मजकूर मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. शब्दाचा शेवट गिळणे आणि घाईत बोलणे हे दोन दोष बहुतेकींना महिन्याभरात स्वतःच ऐकू येतात. रेडिओवर ए, बी, सी सांगायचे अल्फा, ब्राव्हो, चार्ली हे शब्द पाठ करून गाड्यांच्या नंबरप्लेटवर वापरा. नऊला 'नाइनर' म्हणायचे.

काम पाळीचे आहे, रात्रपाळीसकट, आणि पहिली नेमणूक देशात कुठेही होऊ शकते. इंफाळला पाठवतील का, तर पाठवतील. अर्ज भरण्याआधी घरच्यांशी हे बोलून घ्या. निवड होऊनही नाकारणे हा सगळ्यात महाग पर्याय आहे.

विमान देखभाल अभियंता

डीजीसीएने कार-१४७ या नियमाखाली मान्यता दिलेल्या संस्थेतून शिक्षण, मॉड्यूलच्या परीक्षा (इथे उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के), प्रत्यक्ष विमानावरचा अनुभव, आणि मग कार-६६चा परवाना. बी-१.१ म्हणजे टर्बाइन विमानाचे यांत्रिक काम, बी-२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. संस्थेतली दोन वर्षे आणि त्यानंतरचा अनुभव धरून परवाना हाती यायला चार वर्षे तरी धरा. 'बी.एस्सी. एव्हिएशन', 'डिप्लोमा इन एअरक्राफ्ट' अशा नावांच्या पदव्यांवर परवाना मिळत नाही. मान्यतेचा क्रमांक आणि प्रवर्ग डीजीसीएच्या यादीत स्वतः शोधा, संस्थेने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. अनुभव कुठे आणि किती महिने मिळणार ते लेखी घ्या; बहुतेकींचे घोडे तिथेच अडते. टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) फिरवायला ताकद लागते हा गैरसमज आहे. त्याचा दांडा त्यासाठीच लांब असतो आणि आकडा आला की तो टक् करतो.

केबिन क्रू

बारावी, वय साधारण १८ ते २७, उंची बहुतेक भारतीय कंपन्यांत किमान १५५ सेंमी, गणवेशात दिसेल असा टॅटू नको, पासपोर्ट हवा. भरती वॉक-इनने होते आणि तिला पैसे लागत नाहीत. प्रशिक्षण कंपनी स्वतः देते. तालुक्याच्या गावात लाखभर घेऊन 'एअर होस्टेस कोर्स' विकणाऱ्या क्लासचे प्रमाणपत्र कोणत्याही कंपनीला सक्तीचे नाही. इंग्रजी-हिंदी बोलण्याचा सराव आणि मुलाखतीची तयारी हवी असेल, तर ती खूप कमी पैशांत होते.

आणि हे काम चहा देण्याचे आहे असे समजणाऱ्या नातेवाइकांना एवढे सांगा: दर ५० आसनांमागे एक क्रू विमानात ठेवावाच लागतो, तो सुरक्षेसाठी. निम्मी दारे बंद धरूनही भरलेले विमान ९० सेकंदांत रिकामे करता येईल, अशा हिशेबाने विमाने तयार होतात. आग, धूर, पाण्यावर उतरणे, प्रथमोपचार, धोकादायक माल, या सगळ्यांच्या परीक्षा असतात आणि त्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. समुद्राच्या कडेला वाढून पोहता न येणाऱ्या मुली आपल्याकडे पुष्कळ. शिकून घ्या, काही परदेशी कंपन्या विचारतात.

विमानतळावरच्या इतर नोकऱ्या

चेक-इन, बॅगेज, सुरक्षा तपासणी, कार्गो. चिपीवर जागा मोजक्या. मोपा आणि नवी मुंबई मोठी. प्रवेशपासासाठी पोलीस पडताळणी होते. व्हॉट्सअॅपवर 'मोपा विमानतळ थेट भरती, गणवेशाचे ३,५०० भरा' असा निरोप आला तर तो ठकाचा आहे. रुजू होण्याआधी पाळी कधी सुटते आणि रात्री घरापर्यंत गाडी मिळते का, हे नेमणूकपत्रात पाहा. सावंतवाडीहून पहाटे तीनला एसटी नसते.

करार वाचताना

१९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने नर्गेश मिर्झा प्रकरणात, पहिल्या गरोदरपणाला हवाई सुंदरीची नोकरी काढून घेण्याचा एअर इंडियाचा नियम रद्द केला. आज कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. पण ती रजा सुरू होण्याआधीचे महिने कळीचे असतात. क्रूला गरोदरपणात उड्डाणावरून उतरवतात. तेव्हा जमिनीवरचे काम मिळणार की बिनपगारी राहायचे, आणि उड्डाण भत्ता बंद झाल्यावर हातात किती येणार? बहुतेकींच्या पगारात मोठा वाटा त्या भत्त्याचाच असतो. बाँडची, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराची, रक्कम किती, आणि त्याची मुदत रजेत पुढे ढकलली जाते का, हेही विचारा.

लग्नानंतर नाव बदलण्याची घाई करू नका. आपल्याकडे आडनावाबरोबर कधीकधी पहिले नावही बदलतात. परवाना, संगणक क्रमांक, मेडिकल, लॉगबुक, पासपोर्ट आणि विमानतळाचा पास या सगळ्यांवर एकच नाव लागते. बदलायचेच असेल तर राजपत्रात नोंद करा, आणि परवाना मिळण्याआधी किंवा सगळे कागद एकदम बदलण्याची सवड असेल तेव्हाच.

परीक्षा, मेडिकल, वॉक-इन, बहुतेक सगळे मुंबईला किंवा त्याहून लांब. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर धावते, गाड्या हळू चालतात आणि दरड आली तर थांबतात. त्या काळात आदल्या दिवशी पोचा. मेडिकलला उपाशीपोटी रक्त द्यायचे असते, तेव्हा रात्रभर बसून प्रवास करून थेट तिथे जाऊ नका. मूळ कागद एका फाइलमध्ये, दोन झेरॉक्स संच दुसऱ्या बॅगेत, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे सहा फोटो.